वाडा विकण्याआधी बहिणींना विचार
अरे, बेळगावच्या शहापुरातला वाडा विकायचा तर आधी एजंटाकडे धावू नकोस. उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते बघ. आजोबांचंच असेल तर वारसा चढवून घे. वडिलोपार्जित घरात लग्न झालेल्या बहिणींचाही २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं समान हिस्सा असतो, त्यांच्याही सह्या लागतील. कागद कन्नडात असले तर जाणकाराकडून ओळन्‌ओळ वाचून घे. आम्ही नुसत्या माना डोलावल्या, चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंची हद्द, चुकलेली सहा महिन्यांनी कळली! गिऱ्हाईक 'पाडायचंच आहे' म्हणत फक्त जागेचा भाव करेल. सागवानी खांब-तुळयांचा अंदाज सुताराकडून वेगळा काढ. वाड्याची १ एप्रिल २००१ ची किंमतही मूल्यांककाकडून लिहून घे, खरेदीची किंमत म्हणून ती धरली तर नफ्यावरचा कर कमी होऊ शकतो. देव्हारा मात्र इसाराआधीच हलव.