आर्टिचोकला नुसती पानंच येतात, कळी का धरत नाही?

तुमचं रोप दीड वर्षाचं झालंय, पानं हातभर लांब आहेत आणि कळीचा पत्ता नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी खत थांबवा. नत्र जास्त झालं की पानंच आणखी माजतात.

खरी अडचण आहे ती गारव्याची. आर्टिचोक हे भूमध्य समुद्राकाठचं, सूर्यफुलाच्या कुळातलं काटेरी झाड, त्याची न उमललेली कळी भाजी म्हणून खातात. साधारण १० अंशांखाली काहीशे तास काढल्याशिवाय बहुतेक जाती कळी धरतच नाहीत. उष्ण भागात एवढी थंडी मिळत नाही, मग झाड जोमानं वाढतं आणि तिथंच थांबतं. माझी पहिली दोन रोपं अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं.

तिसऱ्या वेळी मी बी ओलसर वाळूत मिसळून डब्यात भरलं आणि तीन आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं (फ्रीजरमध्ये नव्हे). उन्हाळा ओसरल्यावर पेरलं, थंडीच्या तोंडावर रोपं वाफ्यात लावली. थंडी दिलेलं रोप लगेच कडक उन्हात नेऊ नका, केलेलं वाया जाऊ शकतं. जात 'इंपीरियल स्टार' घ्या. तिला थंडी कमी लागते आणि पेरल्यापासून पहिल्याच हंगामात ती कळ्या देते.

दोन रोपांत मीटरभर अंतर हवंच. वाफा उंच करा, मुळाशी पाणी साचलं की गड्डा (मुळाजवळचा जाड बुंधा) कुजतो. पण कळ्या येताना पाण्याचा ताण अजिबात नको.

काढणीत मात्र उशीर करू नका. उकाड्यात कळी बघता बघता उमलते, खवले (कळीवरची पाकळ्यांसारखी जाड पानं) चामड्यासारखे होतात. कळी घट्ट मिटलेली असतानाच बोटांनी दाबून बघा, ताजी असेल तर करकरते. देठावर मुंग्यांची रांग दिसली तर खवले उघडून बघा, आत मावा ही कीड असणार. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निघतो.

तुमचं आताचं झाड उपटू नका. उन्हाळ्यात पानं वाळली तर जमिनीलगत कापा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या आणि माती किंचित ओली ठेवा. गड्डा जिवंत असतो, गारवा सुरू झाला की बाजूनं फुटवे येतात. तुमच्याकडच्या हिवाळी रात्री पुरेशा गार असतील, तर त्याच फुटव्यांवर कळी धरेल.