स्कूबा करून वर येताना कान आणि कपाळ का दुखतं? तेव्हा नाक दाबून फुंकलं तर चालतं का?

"खाली जाताना काहीच झालं नाही, वर येताना मात्र जीव गेला" हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला.

फुंकू नका. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. नाक दाबून फुंकायचं ते खाली जाताना. वर येताना कानात, सायनसमध्ये (कपाळ-गालाच्या हाडांतल्या पोकळ्यांत) हवा आधीच जास्त झालेली असते आणि बाहेर पडायला वाट शोधत असते. त्यात आणखी कशाला भरताय?

आता माझं. सांगलीत माझं मोटार-पंपाचं दुकान आहे. पोहायला शिकलो सरकारी घाटावर, आणि आजोळच्या विहिरीत बुडी मारून तळाची माती वर आणायची हा सुट्टीतला धंदा. त्यामुळं मालवणला निघालो तेव्हा स्कूबा म्हणजे काय विशेष, अशीच मस्ती होती. दोन दिवस आधी सर्दी झालेली. कराडचे आमचे साडू बरोबर होते. ते म्हणाले, "पोहणाऱ्या माणसाला कसली आलीय सर्दी?" आणि मलाही तेच ऐकायचं होतं. पहाटे पाचला फोंडा घाट उतरताना नाकात स्प्रे मारला. नाक असं मोकळं झालं की विचारू नका. बोटीवर फॉर्म दिला: सर्दी? नाही. कानाचा त्रास? नाही. सायनस? नाही. तीन वेळा खोटं लिहिलं, सही केली. नंबर लागला दुपारी एकला.

सिंधुदुर्ग किल्ला समोर, खाली पंचवीस फूट पाणी. उतरताना कान छान सुटले. मासे बघितले, फोटो काढून घेतले. वर यायची खूण झाली आणि चार-पाच फूट वर आलो असेन, तोच डाव्या भुवईच्या वर कुणीतरी ड्रिल मशीन लावलं. मी अंगठा वर केला. मला म्हणायचं होतं, "थांब, काहीतरी होतंय." पाण्यात अंगठा वर म्हणजे "वर चल"! मला घेऊन उतरलेला प्रशिक्षक पोरगा मला आणखी वर न्यायला लागला. मग मी कपाळाकडं बोट दाखवून हात झाडले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मला परत दोनेक फूट खाली नेलं. दुखणं निम्म्यावर आलं. तिथं थांबवलं, गिळायची खूण केली, जबडा हलवायला लावला, मग गोगलगाईसारखं वर. मधेच कपाळात चर्रर्र असा आवाज, तेलात मोहरी पडल्यासारखा, आणि दुखणं गेलं. पाठोपाठ डावा कान एकदम सुटला आणि सगळा समुद्र गरागरा फिरला, दहा-पंधरा सेकंद. दोन कानांतला दाब वेगवेगळा असला की असं होतं, हे मला नंतर कळलं. वर येऊन मास्क काढला तर आत रक्त आणि शेंबूड.

साडूंनी ते बघितलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशाला एकच गोष्ट: "सांगलीचा पोहणारा गडी, पंचवीस फुटांत घाबरून रक्त ओकला. नाक दाबून जोरात फुंकला असता तर काही झालं नसतं."

साडूसाहेब, पंपाच्या भाषेत सांगतो. विहिरीतला फुटबॉल (शहरी मंडळी फूट व्हॉल्व्ह म्हणतात) पाणी आत घेतो, परत सोडत नाही. कानाची नळी (कानातून नाकाच्या मागं उघडणारी) नेमकी उलटी असते. बाहेर जाणारी हवा ती सहज सोडते, आत घेताना मात्र नखरे करते. म्हणून बहुतेकांना उतरतानाच त्रास होतो आणि चढताना काही करावं लागत नाही. पण सर्दीनं आतलं अस्तर सुजलं, वर शेंबडाची गाठ बसली, की कान काय आणि सायनस काय, दोन्हीकडं विहिरीतल्या फुटबॉलसारखंच होतं, आत गेलेली हवा परत सुटत नाही. स्प्रेनं सूज तात्पुरती उतरते, हवा आत जाते, आणि पाण्यात असतानाच स्प्रेचा जोर संपला तर दार बंद. पंचवीस फुटांवर दाब वरच्यापेक्षा पावणेदोन पट असतो, म्हणजे वर येईपर्यंत तीच हवा पावणेदोन पट जागा मागते. कपाळाचं हाड कुठून देणार जागा? आणि खोल गेलं म्हणजे जास्त त्रास असंही नाही. ६६ फुटांवरून ३३ वर येताना हवा दीडपट होते, ३३ वरून वर येताना थेट दुप्पट. शेवटच्या टप्प्यातच कुकरच्या शिट्टीत शीत अडकतं. फुंकून मी काय केलं असतं? शिट्टी अडकलेल्या कुकरखालचा गॅस मोठा केला असता.

घाबरलो नव्हतो असं मात्र म्हणत नाही. एका गोष्टीत तर विहिरीनंच माझा घात केला असता. दुखायला लागल्याबरोबर मी सवयीनं दम धरला, आणि पोरानं छातीवर थाप मारून श्वास सोडायला लावला. विहिरीत आपण वरचीच हवा खाली नेतो, ती वर येताना मूळ मापावर येते. टाकीतून आपण श्वासात घेतो ती हवा त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाची असते. दम धरून वर आलात तर फुफ्फुस फाटू शकतं. कान दुखणं त्यापुढं काहीच नाही.

रात्री लॉजवर साडूंनी लसणीचं कोमट तेल कानात घातलं, मी घालू दिलं. दुसऱ्या दिवशी फोंडा घाट चढताना कान पुन्हा ठणकला. मिरजेचे डॉक्टर तेल बघूनच चिडले. पडदा लाल होता, फाटला नव्हता. फाटला असता तर ते तेल सरळ आत गेलं असतं. नाकाचं हाड वाकडं निघालं, ते वेगळंच. दहा दिवस कानात पाणी भरल्यासारखं वाटत होतं. दुखऱ्या कानात तेल घालू नका, कुणाचेही साडू काहीही म्हणोत.

पुढच्या महिन्यात परत जायचंय, काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय. सर्दी असेल तर काहीच घेऊ नका, तारीख बदला. पैसे बुडतील, बुडू द्या. नसेल तर जा, पण आधी त्या पोराकडून "कान दुखतोय"ची खूण शिकून घ्या: पंजा आडवा धरून हलवायचा, मग कानाकडं बोट.

हो, मी डॉक्टर नाही. तुमचं कपाळ दुखत होतं की वरचे दात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गालातल्या सायनसचं दुखणं दातात उतरतं, आणि कधी जुन्या फिलिंगखाली हवा अडकूनही दुखतं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. चक्कर थांबत नसेल, कान वाजत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं जा. हे सगळं मी पर्यटकांच्या एका बुडीवरून सांगतोय. दिवसभर खोल बुड्या मारणाऱ्यांनी लगेच घाट चढून सांगलीला येऊ नये, त्याचं कारण वेगळं आहे. ते तुमच्या प्रशिक्षकाला विचारा.