'कॅप्टन' का उलटली?

प्रश्न : १८७० मध्ये बुडालेली ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' तोफांच्या फिरत्या बुरुजांच्या वजनाने उलटली, हे खरे का?

उत्तर : एकट्या बुरुजांवर खापर फोडणे मला पटत नाही. त्याच ताफ्यातल्या 'मोनार्क'वरही तसेच बुरुज होते आणि ती त्याच वादळातून सुखरूप निघाली. खरी गोम होती ती पाण्यावर राहणाऱ्या बाजूच्या उंचीत. आराखड्यात ती ८ फूट होती. बांधताना वजन वाढत गेले आणि प्रत्यक्षात जेमतेम साडेसहा फूट उरली. वर पूर्ण शिडांचा डोलारा! जहाज कलले की बुडणारी बाजू त्याला परत सावरते. पण डेकची कड एकदा पाण्याखाली गेली की हा जोर झपाट्याने ओसरतो. 'कॅप्टन'चा सावरण्याचा जोर सुमारे २१ अंशांनंतर घटू लागे, 'मोनार्क'चा ४० अंशांपर्यंत वाढत जाई. स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ सप्टेंबरच्या मध्यरात्री वाऱ्याचा झोत आला आणि शिडे उतरवायलाही सवड मिळाली नाही. सुमारे ४८० माणसे गेली. जहाजाचे जनक कूपर कोल्स त्यांतच होते. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी या आराखड्याला आधीच हरकत घेतली होती, याची हळहळ मला आजही वाटते.