आम्ही अमेरिकेत राहतो. भारतातून मूल दत्तक घेता येईल का?

हो, येईल. पण आधी एक सांगा, तुमच्यापैकी एकाकडे तरी अमेरिकी नागरिकत्व आहे ना? दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबाबत जो आंतरराष्ट्रीय हेग करार आहे, त्यात भारत आणि अमेरिका दोघेही आहेत, आणि त्या करारानुसारचा आय-८००ए अर्ज अमेरिकी नागरिकालाच भरता येतो. दोघांकडेही नुसतं ग्रीन कार्ड असेल तर हा रस्ता बंद. अनेकांना हे फार उशिरा कळतं, म्हणून आधीच सांगते.

बाकी सगळं 'कारा'मार्फतच, म्हणजे दत्तकविधान पाहणाऱ्या भारत सरकारच्या केंद्रीय संस्थेमार्फतच होतं. अमेरिकेतली मान्यताप्राप्त एजन्सी तुमच्या घराची, उत्पन्नाची, तब्येतीची चौकशी करून अहवाल पाठवते. नंतर मुलाची माहिती, 'कारा'चं ना हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (२०२२ पासून कोर्टाऐवजी तेच देतात), पासपोर्ट, व्हिसा. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं अहवाल द्यावे लागतात. ओळखीतल्या कुणी परस्पर बाळ देतो म्हटलं तर कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

माझ्या मावसभावाने तीन वर्षांची मुलगी नेली. तिला फक्त मराठी येत होतं. पहिला आठवडाभर ती संस्थेतली गोधडी मुठीत धरून झोपायची. वहिनीने ती मुद्दाम धुतली नाही, वास जाऊ नये म्हणून. मऊ भात आणि मराठी, दोन्ही घरात असू द्या. आणि मुलाची कागदपत्रं जपून ठेवा, मोठं झाल्यावर ते विचारणारच.