दरड कोसळली की भूस्खलन झाले?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न: कसारा घाटात 'दरड कोसळली', माळीणला 'भूस्खलन झाले'. अर्थ एकच, की वेगळा?

दरड म्हणजे उभा, तुटका कडा. नदीचा उभा काठही दरडच. ती कोसळते म्हणजे कड्याचा दगड सुटून खाली येतो. 'भूस्खलन'मध्ये स्खल् धातू आहे, अर्थ घसरणे. भूशास्त्रात मात्र हा शब्द छत्रीसारखा वापरतात, दरड कोसळणे हा त्यातलाच एक प्रकार. त्यामुळे घाटातल्या घटनेला भूस्खलन म्हटले तर चालेल. ३० जुलै २०१४ला माळीणमध्ये मात्र पावसाने भिजलेली माती आणि मुरूम उतारासकट खाली आला, त्याला 'दरड कोसळली' म्हणणे सैल आहे. (सरकारी कागदांतला 'दरडप्रवण गाव' दोन्ही पोटात घेतो. तो आता रुळला आहे, त्याच्याशी भांडू नये.)

भूवैज्ञानिकाला हा फरक का लागतो? आपल्याकडच्या बेसाल्टला उभ्या भेगा असतात. त्यांत पाणी शिरले, झाडांची मुळे शिरली, की दगड सुटतो, आणि बहुधा आधी काही सांगत नाही. म्हणून उपाय सैल दगड आधीच पाडणे, जाळी, पायथ्याशी चर. सप्तशृंगी गडावर जाळ्या आहेत त्या याचसाठी. माती घसरणार असेल तर ती जाळी कुचकामी. तिथे पाणी बाहेर काढावे लागते. माती बहुतेकदा आधी इशारा देते: उतारावर कमानीसारखी भेग, कललेले खांब, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजायचे. ते वाढत असेल तर पाऊस थांबायची वाट न पाहता वस्ती हलवायची. घटना घडून गेल्यावरही भूवैज्ञानिक आधी माथ्यावरच्या उरलेल्या भेगा पाहतो, कारण दुसरा लोंढा ढिगारा उपसणाऱ्यांवर येऊ शकतो.

उत्तराखंडातल्या जोशीमठची जमीन खचल्याच्या बातम्यांमुळे २०२३मध्ये 'भूधसाव' मराठीत शिरला. तो हिंदीतला. जमीन जागच्या जागी खाली बसली, तर आपले 'खचणे' पुरेसे आहे.

आणि व्याकरण: दरड कोसळली, भूस्खलन झाले. 'भूस्खलन कोसळले' असेही छापून येते. घसरणे कसे कोसळेल?