भारतापेक्षा इंग्लंडची आरोग्यव्यवस्था खरंच चांगली आहे का?

नाशिकला मुंबई नाक्याजवळ माझं मेडिकल आहे आणि बहीण इंग्लंडात लीड्सला असते. त्यामुळे हा विषय आमच्याकडे दर दिवाळीत निघतो आणि भांडणावर जातो.

आरोग्यव्यवस्थांच्या ज्या यादीत भारताचा ११२वा नंबर आहे, ती जागतिक आरोग्य संघटनेची, २००० सालची. फ्रान्स पहिला, ब्रिटन १८वा, अमेरिका ३७वी. तिच्यावर एवढी टीका झाली की संघटनेनं पुन्हा तशी क्रमवारी काढलीच नाही. ती सोडून द्या.

गल्ल्यावरून मला काय दिसतं ते सांगतो. सुरगाण्याचा एक जण इथं साइटवर सेंट्रिंगचं काम करतो. चिठ्ठीवर बीपीच्या तीस गोळ्या असतात. "दादा, पाचच द्या." मी कात्रीनं स्ट्रिप कापतो. परत येतो तो तीन आठवड्यांनी. सिव्हिलला फुकट मिळतील म्हटलं, तर म्हणतो रांगेत दिवसाची मजुरी बुडते. राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते अॅडमिट झाल्यावर. म्हणजे या गोळ्यांना पैसे नाहीत, उद्या लकवा मारला तर आहेत!

इंग्लंडात औषध कितीही महाग असो, चिठ्ठीवरच्या दर औषधाला ९.९० पौंड. साठीनंतर तेही नाही. डॉक्टरची फी नाहीच.

आता बहिणीचं ऐका. पित्ताशयात खडे निघाले. तिथं ठरवून करायच्या उपचारांसाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे, पण रांग त्याच्या कितीतरी पुढे जाते. ही कंटाळून इकडे आली. सोमवारी सोनोग्राफी, गुरुवारी ऑपरेशन, शनिवारी घरी वरण-भात. तेव्हापासून नाशिकचे गोडवे गाते. अगं बाई, पौंड होते म्हणून!

खिशातून होणारा खर्च आपल्याकडे कमी होतोय, हे मान्य. सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४ टक्के वाटा लोकांच्या खिशातला होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्के. पण या ३९ टक्क्यांतला बराचसा माझ्यासारख्यांच्या काउंटरवरच पडतो.

माझं मत विचाराल तर पित्ताशय नाशिकला काढावं आणि बीपी लीड्सला सांभाळावं. बहिणीला यातलं फक्त पहिलं पटतं.