लय जुळली, पण सम कुठेय?

प्रश्न: सर नमस्कार, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते शोधायचा प्रोजेक्ट आहे, त्यासाठी दोन यूएसआरपी बी२१० (कॉम्प्युटरला जोडायचे रेडिओ बोर्ड) मिळालेत. कॉलेजच्या जीपीएसडीओमधून (जीपीएसवर चालणारं अचूक घड्याळ) दोन्ही बोर्डांना १० मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि पीपीएस (दर सेकंदाला एक पल्स) दिलं, टेस्टिंगसाठी एकाच अँटेनाचा सिग्नल स्प्लिटरमधून दोघांना दिला आणि एफएम स्टेशन लावलं. फ्रिक्वेन्सी अगदी तंतोतंत जुळते, पण दोन रेकॉर्डिंग कधी हजार सँपल (सिग्नलच्या एकेक नोंदी) पुढेमागे तर कधी तीन हजार, आणि फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) तर दर वेळी नवीनच. केबल बदलून झाल्या, लॉकचा दिवा हिरवा आहे. एखादा बोर्ड गेलाय का?

उत्तर: बोर्ड ठणठणीत आहेत, परत करायला जाऊ नका.

असं बघा, दोन तबलजी एकाच लयीत वाजवतायत, तीनताल, कुणीही तसूभर पुढे नाही मागे नाही, पण एकाची सम येते तेव्हा दुसरा नवव्या मात्रेवर असतो. तुमच्या बोर्डांचं नेमकं हेच झालंय. १० मेगाहर्ट्झ म्हणजे फक्त लय. बोर्डावरचा स्वतःचा ऑसिलेटर दोन पीपीएमचा (दहा लाखांत दोनचा फरक) असतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला २०० हर्ट्झ इकडेतिकडे, तो प्रश्न १० मेगाहर्ट्झने मिटवला आणि म्हणून फ्रिक्वेन्सी जुळते. सम सांगायचं काम पीपीएसचं, दर सेकंदाला एक टोला. पण केबल लावली म्हणजे बोर्ड तो टोला ऐकतोच असं नाही, त्याला सांगावं लागतं. माझा अंदाज असा की तुम्ही क्लॉक सोर्स एक्स्टर्नल केला आणि टाइम सोर्स तसाच इंटर्नल राहिला, कारण दहातल्या आठ जणांचं हेच होतं, नाहीतर मग टाइम सोर्स बरोबर आहे पण वेळ ‘सेट टाइम नाऊ’ने टाकलीय. ती कमांड यूएसबीवरून आधी एका बोर्डाला जाते मग दुसऱ्याला, मध्ये एखादी मिलिसेकंद गेली की सेकंदाला २ मेगासँपल (२० लाख सँपल) असताना दोन हजार सँपल गेले. तुमचा हजार-तीन हजारचा आकडा तिथूनच येतोय.

त्यामुळे ‘सेट टाइम नेक्स्ट पीपीएस’ वापरा, म्हणजे बोर्ड पुढच्या टोल्याला घड्याळ शून्य करतो आणि कमांड थोडी लवकर पोचली काय उशिरा पोचली काय, काही बिघडत नाही. पण इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात दोन संध्याकाळ पडून होतो. यूएचडीमध्ये (हे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोन बी२१० एकाच ऑब्जेक्टमध्ये घेता येत नाहीत, दोन वेगळे करावे लागतात, म्हणजे कमांडही दोन. पहिली गेली, तेवढ्यात टोला पडला, मग दुसरी गेली, झालं, दोन्ही घड्याळांत बरोब्बर एक सेकंदाचा फरक. आणि हे कधीतरीच होतं, त्यामुळे डोकं फिरतं. उपाय सोपा आहे, ‘गेट टाइम लास्ट पीपीएस’ पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, आकडा बदलला की आत्ताच टोला पडून गेला, आता हातात जवळजवळ पूर्ण सेकंद आहे, त्यात दोन्ही कमांड टाकून मोकळं व्हायचं. मग एक-दोन सेकंद थांबून दोघांनाही शेवटच्या पीपीएसची वेळ विचारायची, आकडे सारखे आले तरच पुढे जायचं. आणि रेकॉर्डिंग ‘आत्ता सुरू कर’ असं न म्हणता अर्ध्या सेकंदानंतरची ठरलेली वेळ देऊन सुरू करायचं.

एवढं केलं की सँपल जुळतील. फेज तरीही जुळणार नाही, आणि इथे तबल्याची उपमा संपते. रेडिओच्या आत ट्यूनिंगसाठी जो एलओ (लोकल ऑसिलेटर) असतो तो त्या १० मेगाहर्ट्झवरूनच पीएलएल (एका क्लॉकला धरून दुसरी फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) लावून बनवलेला असतो, पण प्रत्येक वेळी ट्यून केल्यावर तो कुठल्या फेजवर लॉक होईल याचा नेम नाही. लॉक झाल्यावर फरक कायम राहतो, रन संपेपर्यंत हलत नाही, म्हणून तुम्हाला दर रनला नवीन फेज दिसते. बी२१०च्या एकाच बोर्डावरच्या दोन रिसीव्ह चॅनलना एलओ एकच आहे, तिथे हा त्रास नाही, दोन अँटेनावर भागत असेल तर खरंतर एकाच बोर्डात काम होईल. चार हवेच असतील तर तुमचा तो स्प्लिटर फेकू नका. ट्यून केलं की आधी स्प्लिटरमधून एकच सिग्नल दोघांना द्या, फरक मोजा, तेवढ्या कॉम्प्लेक्स आकड्याने एका चॅनलला गुणा आणि मग अँटेनावर जा. फ्रिक्वेन्सी बदलली की परत पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे पण दिशा शोधणारे सगळे हेच करतात, क्रॅकनएसडीआर या दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या पाच चॅनलच्या डब्यात तर त्यासाठी आतच नॉइज सोर्स बसवलेला असतो.

केबलबद्दल एकच, दोन्ही बोर्डांच्या सारख्या लांबीच्या ठेवा. साध्या कोअॅक्समध्ये मीटरला पाच नॅनोसेकंद जातात, १५ मीटर जास्त झाली तर ७५. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत, त्यांचे हात साधारण १४ किलोमीटर लांब पसरलेत, फायबरमध्येही मीटरला पाचच्या आसपासच धरा, म्हणजे टोकाच्या अँटेनाचा सिग्नल नुसत्या केबलपायी ७० मायक्रोसेकंद उशिरा येतो. तो उशीर मोजून वजा करतात म्हणून तर ३० ताटल्या मिळून एक दुर्बीण होते. आणि हो, १० मेगाहर्ट्झ बीएनसीच्या टी जॉइंटने वाटू नका, डिस्ट्रिब्यूशन अँप्लिफायर घ्या.

प्रश्न: माझ्याकडे दोन साधे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचे स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आहेत, त्यांना जीपीएसचं पीपीएस कुठे जोडायचं?

उत्तर: कुठेच नाही, त्याला तशी पिनच नाही. लय देता येते, एका डोंगलचा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढायचा आणि दुसऱ्याचा क्लॉक बारीक वायरने आणायचा, सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर अर्ध्या तासाचं काम. सम मात्र सिग्नलमधूनच शोधावी लागते, दोघांना सुरुवातीला एकच नॉइज द्या, कोरिलेशन लावा (एक रेकॉर्डिंग दुसऱ्यावर सरकवत कुठे सर्वात जास्त जुळतं ते बघा), टोक जिथे येईल तेवढे सँपल सरकवा. मध्येच स्ट्रीम बंद केली किंवा सँपल गळले की सगळं पाण्यात, म्हणून २.४ मेगासँपलच्या वर जाऊ नका.

डोंगल दोन वेगळ्या गावांत असतील तर वायर विसरा. ज्याचा टॉवर कुठे आहे ते माहितीय असं एफएम स्टेशन दोघांनी आधी रेकॉर्ड करायचं, मग स्ट्रीम चालू ठेवूनच हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर जायचं, आणि शेवटी परत स्टेशनवर यायचं. टॉवरचं अंतर माहीत असल्यामुळे घड्याळांतला फरक निघतो, आणि दोनदा ऐकल्यामुळे मधल्या वेळात क्लॉक किती सरकला तेही कळतं.

प्रश्न: माझं जुनं जीपीएस मॉड्यूल सुरू केल्यावर पहिली दहाएक मिनिटं मित्राच्या मॉड्यूलपेक्षा दोन सेकंद पुढे असतं, मग आपोआप बरोबर होतं. पीपीएसचे टोले मात्र दोघांचे पहिल्यापासून एकत्र पडतात. हे काय भूत आहे?

उत्तर: लीप सेकंदाचं, म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) अधूनमधून घालतात त्या जादा सेकंदाचं भूत आहे. जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, २०१७पासून. मॉड्यूलने ते १८ वजा करून यूटीसी द्यायचं असतं, पण हा आकडा सॅटेलाइट साडेबारा मिनिटांतून एकदाच सांगतो. तोवर मॉड्यूल फर्मवेअरमधला जुना आकडा वापरतं. तुमचं दोन सेकंद पुढे जातंय म्हणजे आत १६ लिहिलेलं आहे, म्हणजे फर्मवेअर २०१२ ते २०१५मधलं असणार. टोला बरोबरच असतो, फक्त त्याला नाव चुकीच्या सेकंदाचं मिळतं. चालू करून चहा करायला जा, पंधरा मिनिटांनी रेकॉर्डिंग लावा.